वहीतला खोडलेला आकडा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

म्यूऑनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या त्या जड भावंडाच्या, आयुर्मानाचा तुझा रिपोर्ट वाचला. आलेख सुबक आहे. पण वहीच्या पानांचे फोटो मागवले, ते बरं झालं. त्यात २.१२ ± ०.०३ मायक्रोसेकंद लिहून खोडलंय आणि शेजारी वेगळ्या शाईत २.१९. रिपोर्टमध्ये अर्थातच २.१९, कारण पुस्तकात २.१९७ आहे.

रागावत नाही. एमएस्सीला असताना मीही हेच केलंय. फोटोमल्टिप्लायरवरच्या, म्हणजे अंधुक प्रकाश टिपणाऱ्या नळीवरच्या, काळ्या टेपला टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलं होतं. दिवसा काउंट भरमसाट, रात्री नीट. मी दिवसाचे आकडे गुपचूप गाळत राहिलो. भोक सापडायला पंधरा दिवस लागले. न गाळता कुणाला दाखवले असते तर संध्याकाळपर्यंत सापडलं असतं.

तुझ्या बाबतीत तर भोकही नव्हतं. आकाशातून येणाऱ्या म्यूऑनमध्ये धन आणि ऋण दोन्ही असतात, धन थोडे जास्त. सिंटिलेटरमध्ये, म्हणजे कण शिरला की चमकणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये, थांबलेला धन म्यूऑन आपलं आयुष्य निवांत जगतो. ऋण मात्र प्लॅस्टिकमधल्या कार्बनच्या अणूत अडकतो, केंद्रकाच्या अगदी जवळ फिरू लागतो, आणि कधीकधी विघटन होण्याआधीच केंद्रक त्याला गिळतं. म्हणून कार्बनमध्ये त्याचं आयुर्मान २.०३ च्या आसपास भरतं. तुझं यंत्र धन-ऋण ओळखत नाही, दोघांची सरमिसळ मोजतं. खोडलास तोच आकडा बरोबर होता!

या गिळण्याची एक गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धात रोमच्या विद्यापीठ परिसरावर बॉम्ब पडले, तेव्हा कोनव्हेर्सी आणि पिच्चोनी या भौतिकशास्त्रज्ञांनी उपकरणं उचलून व्हॅटिकनजवळच्या एका शाळेत हलवली. पुढे पांचिनी त्यांना येऊन मिळाला. केंद्रकाला बांधून ठेवणारा, जपानी भौतिकशास्त्रज्ञ युकावाने भाकीत केलेला कण म्हणजे हा म्यूऑनच, अशी तेव्हा समजूत होती. तसं असतं तर थांबलेला प्रत्येक ऋण कण केंद्रकाने लगेच गट्ट करायला हवा होता. लोखंडात झालंही तसंच. मग लोखंडाच्या जागी कार्बन ठेवला, तर ऋण कण खुशाल विघटित होताना दिसले. हा युकावाचा कण नव्हेच! १९४७ साली त्यांनी हे छापलं. काय ‘यायला हवं’ हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं, बरं का.

आता काम. रिपोर्ट परत पाठवतोय. २.१२ पुन्हा लिही, आणि जुनी खाडाखोड तशीच राहू दे. उशिराच्या बिनमधली, म्हणजे आलेखाच्या शेवटच्या वेळेच्या कप्प्यांमधली, सपाट पार्श्वभूमी वजा केलीस का, तेही लिही. मला ते कुठे दिसलं नाही. मग २.१९७, २.०३ आणि तुझा २.१२ एवढ्यावरून धन-ऋण म्यूऑनचं प्रमाण काढ, त्रुटीसकट. त्रुटी बरीच मोठी येईल, घाबरू नकोस. प्रमाण किती यायला हवं, ते मुद्दामच सांगत नाही.

— सर