स्क्रॅबलमध्ये, म्हणजे अक्षरांचे ठोकळे बोर्डावर मांडून शब्द जुळवायच्या खेळात, क्यू कायम हातात अडकतो. क्यूच्या मागे यू नसलेले पाच अक्षरी इंग्रजी शब्द कोणते?

आधी शब्द घ्या, मग माझं म्हणणं ऐका.

एफ-ए-क्यू-आय-आर, म्हणजे आपला फकीर. टी-ए-एल-ए-क्यू, तलाक. बी-यू-आर-क्यू-ए, बुरखा, यात यू आहे पण क्यूच्या मागे नाही, म्हणजे तुमच्या अटीत बसतो. एन-आय-क्यू-ए-बी, नकाब. क्यू-आय-बी-एल-ए, किब्ला, नमाजाची दिशा. क्यू-ओ-आर-एम-ए, जेवणातला कोर्मा. क्यू-ए-एन-ए-टी, ही मांडवाची कनात नव्हे, जमिनीखालून पाणी आणणारा इराणी पद्धतीचा कालवा. मलिक अंबरने औरंगाबादला आणलेली नहर याच जातीची. आणि टी-आर-ए-एन-क्यू, गुंगीच्या औषधाचं बोलीतलं छोटं नाव. यादी आणखी लांबते, पण एवढे पाठ केलेत तरी निभावेल.

बघितलंत? शेवटचा सोडला तर सगळे अरबीकडून आलेले, नाहीतर उर्दू-फारसीतून. अरबीतला क़ाफ रोमनमध्ये क्यूने लिहितात, म्हणून यूची गरज पडत नाही. यातले निम्मे शब्द मराठी माणूस लहानपणापासून ऐकतो, त्याला फक्त स्पेलिंग शिकायचं असतं. आणि इथेच माझं जुनं दुखणं आहे.

मी नौपाड्यात वाढले, मराठी शाळेत शिकले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. लग्न होऊन घोडबंदर रोडला आले तेव्हा सासरी दर दिवाळीला स्क्रॅबल मांडायची पद्धत. दीर कॉन्व्हेंटचे, त्यांच्यापुढे कोणी टिकायचं नाही आणि मला तर गुण मोजायला बसवायचे. मला ते लागलं. नोकरी रबाळ्याला होती. ठाण्याला ट्रान्सहार्बरमध्ये खिडकी मिळाली की यादी काढायची, ऐरोली येईपर्यंत एक ओळ डोक्यात बसवायची. दोन अक्षरी शब्द आधी, मग क्यूचे, मग झेडचे. अर्थ बघत नव्हते, अक्षरं बघत होते. हा खेळ अक्षरांचाच आहे.

मग एका गणपतीत सोसायटीने स्पर्धा ठेवली आणि शेवटच्या फेरीत समोर दीरच आले. ठोकळ्यांची पिशवी रिकामी झालेली, चारही यू बोर्डावर गेलेले, आणि क्यू माझ्याकडे. दीर निवांत होते, कारण क्यू हातात राहिला तर माझे दहा गुण जाणार हे त्यांना दिसत होतं. वरच्या ओळीत डावीकडून पाचव्या घरात एक आर मोकळा होता. मी कोपऱ्यातल्या लाल घरावर, जिथे शब्दाचे गुण तिप्पट होतात, एफ ठेवला, पुढे ए, क्यू, आय. आयखाली डबल लेटर, म्हणजे त्या अक्षराचे गुण दुप्पट. फकीर, अठरा त्रिक चोपन्न.

दीर म्हणाले, "वहिनी, क्यूमागे यू लागतोच." पंच म्हणून शेजारच्या बिल्डिंगमधले निवृत्त प्राध्यापक बसले होते. त्यांनी मान डोलावली. म्हणाले, फकीर हा हिंदी शब्द, आणि इंग्रजीत घ्यायचाच तर के घालून. मी म्हटलं, "भावोजी, डिक्शनरी बघू या." डिक्शनरी कोणीच आणलेली नव्हती. मोबाइलवर बघू द्यायला पंच तयार नाहीत. चारही ठोकळे उचलायला लावले आणि माझी पाळीही गेली. दीर पुढच्याच पाळीत ठोकळे संपवून सुटले आणि तो सामना मी हरले.

के घालूनही फकीर चालतो, क्यू घालूनही चालतो. स्पर्धांमध्ये जी कॉलिन्सची शब्दयादी वापरतात तिच्यात दोन्ही आहेत. मी घरी येऊन सगळ्यांसमोर दाखवलं. त्यावर दिरांनी जे ऐकवलं ते अजून ऐकवतात: "पाठ केलेले शब्द म्हणजे इंग्रजी येणं नव्हे."

मी कुठे म्हणते की ते इंग्रजी येणं आहे? पण स्क्रॅबल खेळायला तेच लागतं. नायजेल रिचर्ड्स हा न्यूझीलंडचा माणूस 2015 साली फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. 2024 मध्ये स्पॅनिशमध्येही त्याने तेच केलं. त्याला कोणी म्हटलं का, आधी फ्रेंच बोलून दाखव, मग चषक घे? मग ठाण्यातल्या मराठी शाळेच्या बाईने आठ शब्द पाठ केले तर तिच्याकडे हिशेब का मागता? आणि फकीरचा अर्थ मला त्या टेबलावर बसलेल्या प्रत्येकापेक्षा नीट माहीत होता.

म्हणून तुम्हाला सांगते, घोका. लाज वाटू देऊ नका. घरात जन्मापासून इंग्रजी ऐकणाऱ्यांना हे शब्द आपोआप येत नाहीत, कारण ते बोलण्यात येतच नाहीत. तिथे तुम्ही आणि ते एकाच रांगेत उभे असता, आणि ज्याने मेहनत घेतली तो पुढे जातो. खेळायला बसण्याआधी कुठली डिक्शनरी धरायची ते ठरवा आणि गुणांच्या कागदावर वरतीच लिहून दोघांनी सह्या करा. घरातल्या खेळातही. विशेषतः घरातल्या खेळात.

आता थोडं राहिलेलं. क्यू-ए-टी-ए-आर पाच अक्षरी आहे, यूही नाही, पण ते देशाचं नाव, विशेषनाम चालत नाही. अमेरिकेतली यादी आणि कॉलिन्सची यादी वेगळी असते, त्यामुळे तुमच्या ॲपमध्ये कुठली भरली आहे ते सेटिंगमध्ये बघा. कोर्मा क्यूने लावायच्या आधी तर नक्की बघा. पिशवीत सात किंवा जास्त ठोकळे असतील तर पाळी सोडून क्यू बदलूनही घेता येतो, लोक हे विसरतात. आणि खरं सांगायचं तर पाच अक्षरी शब्दासाठी जागा क्वचितच मिळते. क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द त्याहून जास्त वेळा सोडवतो, आय बोर्डावर कुठे ना कुठे मोकळा असतोच. तो आज रात्रीच पाठ करा, बाकीचे उद्यापासून.