जुन्या डेस्कटॉपमधली एक डिस्क काढली की दुसरीवरचं विंडोजही उठत नाही, असं का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: गुहागरच्या घरी कोअर 2 ड्युओचा जुना डबा, जी41 चिपसेटचा गिगाबाईट बोर्ड, 500 जीबीवर विंडोज 7, 1 टीबीवर नंतर टाकलेलं विंडोज 10, आणि आता 240 जीबीची एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) आणून त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी सिस्टीम टाकायचीय. 500वाली टकटक करायला लागली म्हणून काढून बघितली तर विंडोज 10 पण उठेना. शिवाय दर गणपतीला मशीन चालू केलं की बूटचा क्रम बदललेला आणि तारीख 2009ची.

टकटक करणाऱ्या डिस्कवरचे वडिलांचे फोटो आधी बाहेर काढा, बाकी सगळं नंतर. आणि ते तिच्यावरच्या विंडोजमधून नको, मिंटचा पेन ड्राईव्ह लावून लाईव्ह, म्हणजे डिस्कवर न टाकता पेन ड्राईव्हवरूनच चालवा आणि दुसऱ्या डिस्कवर कॉपी मारा, म्हणजे त्या बिचारीला उगाच विंडोजचं ओझं नाही. तिची चेक डिस्क वगैरे अजिबात करू नका, त्याने मरायला टेकलेली डिस्क लवकर मरते.

आता मूळ मुद्दा. जुन्या बायोसच्या (मशीन चालू होताना बोर्डवर आधी चालणारा प्रोग्राम) मशीनवर दुसरी डिस्क जोडलेली असताना विंडोजचं सेटअप चालवलं की विंडोज तुम्ही सांगाल तिथेच जातं, पण बूटच्या फायली ते आधीपासून ॲक्टिव्ह (मशीन जिथून उठायचं अशी खूण) असलेल्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या भागावर ठेवतं, म्हणजे तुमच्याकडे बहुतेक 500वरच्या त्या 100 एमबीच्या सिस्टीम रिझर्व्डमध्ये. घर तुमचं पण चावी शेजाऱ्याकडे, आणि शेजारी गेला मुंबईला! फोटो निघाले की 500ची केबल काढा, विंडोज 10च्या पेन ड्राईव्हवरून बूट करा, शिफ्ट आणि एफ10 दाबून काळी खिडकी उघडा, डिस्कपार्ट या कमांडमध्ये 1 टीबीचं विंडोजवालं पार्टिशन ॲक्टिव्ह करा आणि मग बूटच्या फायली तिथे बनवणारी बीसीडीबूट ही कमांड चालवा. तिथे ड्राईव्हची अक्षरं बदललेली असतात, सी म्हणजे सी असेलच असं नाही, आधी आत विंडोज फोल्डर आहे का बघा. पार्टिशन प्रायमरी हवं, लॉजिकल असेल तर ते ॲक्टिव्ह होणारच नाही.

मिंट टाकताना एसएसडी सोडून बाकी सगळ्यांच्या केबली काढूनच टाका. लोक म्हणतात कशाला एवढा उपद्व्याप, ग्रबचा (लिनक्ससोबत येणारा, कुठली सिस्टीम उठवायची ते विचारणारा प्रोग्राम) मेनू सगळं दाखवतो की. दाखवतो, पण मग परत तेच, ग्रबवाली डिस्क गेली की बाकीच्या अडकल्या. माझं मत असं की जुन्या मशीनवर प्रत्येक डिस्क एकटी जोडली तरी उठली पाहिजे, आणि कुठली उठवायची ते चालू करताना एफ12 दाबून निवडायचं. तुमच्या बोर्डवर फर्स्ट बूट डिव्हाइस वेगळं आणि हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी वेगळी यादी असते, नुसतं पहिल्यात हार्ड डिस्क ठेवून भागत नाही, दुसऱ्या यादीत एसएसडी वर आणावी लागते. एएचसीआय (डिस्क चालवायची नवी पद्धत) बायोसमध्ये शोधत बसू नका, जी41 सोबत बहुतेक आयसीएच7 ही डिस्क सांभाळणारी चिप येते, तिच्यात ते नाहीच. साटा, म्हणजे डिस्कची जोडणी, तीही 3 जीबीपीएसवालीच, पण एसएसडीचा फरक तरीही पहिल्याच बूटला कळतो.

क्रम आणि तारीख बदलते ती मात्र बोर्डवरच्या बॅटरीमुळे, सीआर2032, नाण्याएवढी. प्लग लावलेला असला की बोर्डच्या घड्याळाला मशीनचा पॉवर सप्लाय वीज पुरवतो, काढला की सगळा भार त्या बॅटरीवर. आपल्याकडे पावसात विजा चमकायला लागल्या की पहिला प्लग काढतात, आणि चाकरमान्यांचं घर तर शिमगा ते गणपती बंदच, मग ती टिकणार कशी? नवीन टाका, मल्टिमीटरवर 3 व्होल्टच्या आसपास दिसली पाहिजे. बॅटरी काढताना तिची क्लिप आणि साटाच्या पिना पण उजेडात बघा, खाऱ्या हवेत त्यांच्यावर पांढरट-हिरवट थर चढतो आणि मग डिस्क कधी दिसते कधी गायब. आयसोप्रोपिल लावून कापडाने पुसा, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांना साधं खोडरबर चालतं. साटा केबल मात्र पुसत बसण्यापेक्षा बदला.

दोन बारक्या गोष्टी. विंडोज 10मधलं फास्ट स्टार्टअप (लवकर उठण्यासाठी मशीन अर्धवटच बंद करायची सोय) बंद करा, नाहीतर मिंटमधून ती डिस्क फक्त वाचता येते, त्यात काही लिहिता येत नाही. आणि दोन्ही सिस्टीम आळीपाळीने वापरल्या की घड्याळ साडेपाच तासांनी पुढेमागे होतं, त्यासाठी परत बॅटरी बदलायला जाऊ नका, विंडोज बोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ धरतं आणि लिनक्स यूटीसी ही जागतिक वेळ, मिंटला लोकल वेळ धरायला सांगितलं की मिटलं. इंटरनेट शक्यतो मिंटवरच वापरा, विंडोज 7चा सपोर्ट जानेवारी 2020लाच संपला, 10चा ऑक्टोबर 2025मध्ये, आणि विंडोज 11ची 24एच2 ही आवृत्ती कोअर 2 ड्युओवर उठतच नाही, प्रोसेसरमध्ये तिला लागणाऱ्या सूचनाच नाहीत.