बालपण ओमानमधल्या मस्कतमध्ये गेलं. वीस वर्षांनी तिथल्या जुन्या मित्रांना भेटायला जावं का? हॉटेलात राहू की मित्राकडे? भेट काय नेऊ? घरचे म्हणतात, परक्या देशात काय ठेवलंय?

जा. तिकीट काढा आणि जा.

हॉटेलाचं आणि भेटीचं पुढे सांगते. पण मी लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे. ‘परक्या देशात काय ठेवलंय’ हे मी इतकी वर्षं माझ्या सख्ख्या धाकट्या भावाच्या तोंडून ऐकत आलेय.

आम्ही १९८३ ते १९९८ मस्कतला होतो. मी दोन वर्षांची असताना गेलो आणि माझी बारावी झाल्यावर परतलो. भावाचा तर जन्मच तिथला. मस्कतमधल्या रुवी भागाच्या बाजूला, हमरियात बिल्डिंग होती, मागे तो काळपट बोडका डोंगर. खिडक्यांमधल्या एसीचं पाणी खाली ठेवलेल्या दुधाच्या पावडरीच्या डब्यांत टपटपायचं. समोरच्या दारात एक ओमानी कुटुंब राहायचं, मूळचं आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटाचं. त्यांची मुलगी माझ्याच वयाची. ती सरकारी शाळेत, मी इंडियन स्कूलमध्ये, त्यामुळे गाठ पडायची गुरुवार-शुक्रवारी. तेव्हा सुट्टी त्या दोन दिवशी असायची. बोलायचो हिंदीत, भांडायचो ज्याच्या त्याच्या भाषेत.

तिच्या आजीला सगळे बीबी म्हणत. स्वाहिलीत बीबी म्हणजे आजीच. बीबी स्वयंपाकघरात एका बुटक्या लाकडी बैठकीवर बसून नारळ खवायची, पुढे पातं, खाली परात. आई पहिल्यांदा त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, “अगो बाई, ही तर आपली खवणी!” ते त्या बैठकीला म्बुझी म्हणतात, म्हणजे बकरी. आई आणि बीबी यांना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण त्या खवणीवरून दोघींचं जमलं ते पंधरा वर्षं.

१९९८ मध्ये बाबांची नोकरी गेली. ओमानीकरण चालू होतं, जागा स्थानिक माणसाला द्यायची होती. कंपनीने महिनाभराची मुदत दिली. घर कंपनीचं, गाडी कंपनीची, टपालाची पेटीसुद्धा कंपनीची. तिथे तेव्हा टपाल दारात येत नसे हे तुम्हाला माहीतच आहे. बाबा पेटीची किल्ली ऑफिसात देऊन आले आणि आमचा पत्ताच संपला. भाऊ नववीत होता. वर्षाच्या मध्यात त्याला पुण्यातल्या शाळेत आणून बसवलं. वर्गातल्या मुलांना त्याचं मराठी विचित्र वाटायचं. त्याच्या जिवलग मित्राचा, एका मल्याळी मुलाचा, त्याला धड निरोपही घेता आला नाही.

मी पुण्याहून माझ्या मैत्रिणीला तिच्या वडिलांच्या पेटीवर, पिनकोड ११२, पाच-सहा पत्रं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही. तेव्हापासून भावाचं ठरलं: ते लोक आपल्याला विसरले, आपणही विसरायचं.

२०११ मध्ये तिने मला फेसबुकवर शोधून काढलं. प्रत्यक्ष भेटायला मात्र २०२० उजाडलं. ९ जानेवारीला, गुरुवारी मी उतरले आणि रुवीत हॉटेल घेतलं. वाटलं, इतक्या वर्षांनी एकदम कोणाच्या घरात कसं घुसायचं? शुक्रवारी दुपारी तिच्या मस्कतजवळच्या अल खूद भागातल्या घरी जेवायला गेले. बीबी होती. ऐंशी ओलांडलेली, गुडघ्यांनी गेलेली, पण सोफ्यावरून सगळ्यांवर लक्ष. जेवण झाल्यावर तिने स्वतः दल्ला, म्हणजे कॉफीची किटली, हातात घेऊन काहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतला. मी प्यायले, कप पुढे धरला, तिने पुन्हा भरला. पुन्हा प्यायले, पुन्हा भरला. तिसऱ्यांदा मैत्रिणीने माझं मनगट धरलं आणि कप दोनदा हलवला. पुरे म्हणायची खूण. सात वर्षांची असताना तिनेच मला ती शिकवली होती, तेव्हाही असंच मनगट धरून.

त्याच दुपारी पत्रांचा विषय निघाला. आम्ही गेलो त्याच वर्षी तिच्या वडिलांनी नोकरी बदलली होती आणि त्यांचीही पेटी सुटली होती. माझं एकही पत्र तिच्या हातात पडलं नव्हतं. तीही बावीस वर्षं समजत होती की तेव्हा मीच तिला विसरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे हॉटेलातला फोन वाजला. मैत्रीण होती. ओमानचे सुलतान काबूस गेले होते. आदल्या दिवशीच गेले, पण जाहीर झालं ते शनिवारी पहाटे. म्हणाली, “आज तू हॉटेलात एकटी राहायची नाहीस. सामान भर, मी येतेय.” तिने गाडी चालवली ती सबंध वाटभर रडत. मीही रडत होते. १९७० पासून तेच सुलतान. वर्गात फळ्याच्या वर, किराणा दुकानात गल्ल्याच्या मागे, केस कापायला जायचो तिथे आरशाच्या वर, सगळीकडे तोच फोटो. १८ नोव्हेंबरला रस्ताभर दिव्यांच्या माळा लागायच्या आणि बाबा आम्हाला गाडीतून रोषणाई दाखवायला न्यायचे. बालपणातलं एक माणूस गेलं होतं, एवढंच मला कळत होतं. टीव्हीवर सतत कुराणपठण चालू होतं. दुपारपर्यंत दफन झालं होतं, हैथम नवे सुलतान झाले होते, आणि घरातलं कोणी जागचं हललं नव्हतं.

तिथूनच मी भावाला फोन केला. तो म्हणाला, “ताई, तू कशाला रडतेयस? आपण तिथे भाड्याने राहत होतो.”

मला काही बोलता आलं नाही. बाजूला बसलेल्या बीबीने विचारलं, काय म्हणाला? मैत्रिणीने तिला स्वाहिलीत सांगितलं. मग बीबी बोलायला लागली आणि नात मला हिंदीत सांगत गेली.

बीबी झांझिबारला जन्मली, तिथेच लग्न झालं. १२ जानेवारी १९६४ ला तिथे क्रांती झाली, अरब घरांवर हल्ले झाले, ती दोन मुलांना घेऊन निसटली. काबूस गादीवर आल्यावर त्यांनी बाहेरच्या ओमानींना परत बोलावलं, तेव्हा ती मस्कतला आली. झांझिबारमध्ये तिला अरब म्हणायचे, मस्कतला झिंजिबारी. अरबीही मोडकीतोडकी. नव्वदच्या दशकात ती एकदा झांझिबारला गेली तेव्हा घरातले सगळे पुरुष विरोधात होते. ज्यांनी आपल्याला हाकललं त्यांच्याकडे काय ठेवलंय, असं विचारत होते. स्टोन टाऊनमधल्या, म्हणजे तिथल्या जुन्या शहरातल्या, तिच्या घरात चार बिऱ्हाडं होती. त्यांनी आत बोलावलं, चहा दिला. तिची शाळेतली मैत्रीण जिवंत होती. दोघी दुपारभर तांदूळ निवडत, नारळ खवत बसल्या. १९६४ चा विषय दोघींनीही काढला नाही. बीबी म्हणाली, “मला कोणी हाकललं ते मला माहीत आहे. ती त्यांच्यात नव्हती.”

माझ्या भावाला मला हेच सांगायचं आहे, आणि तुमच्या घरच्यांनाही. बाबांना काढलं ते कंपनीने. त्या मल्याळी मुलाने नाही काढलं, समोरच्या दाराने नाही काढलं. पंधरा वर्षं ज्या जिन्यात खेळलो तो जिना भाड्याचा असेल, खेळ भाड्याचा नव्हता. आणि ‘आपला काय संबंध’ म्हणणाऱ्यांसाठी: त्या १३ जानेवारीला भारत सरकारनेही एक दिवसाचा दुखवटा पाळला होता.

आता तुमचे प्रश्न. मित्राने एकदा जरी म्हटलं तरी त्याच्याकडेच राहा. पहिल्या रात्रीपुरतं हॉटेल घेतलंत तर चालेल. व्हिसाचा अर्ज आता ऑनलाइन करता येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. जूनमध्ये कोणी तुमच्याबरोबर बाहेर पडणार नाही. फराळाचं न्या, घरचं केलेलं. अनारसे नेणार असाल आणि वाटेत दुबईला उतरणार असाल तर खसखस लावू नका, अमिरातीत तिला बंदी आहे. आणि आधी नीट चौकशी करा की तिथे आहे कोण. आपल्याबरोबरची निम्मीअधिक मुलं आता टोरांटो, कोची नाहीतर पुण्यातच सापडतात. त्यांना भेटायला मस्कतला जायची गरज नाही.

एक मात्र कबूल करते. आम्ही फॅमिली व्हिसावर, इंग्रजी शाळेत वाढलेली मुलं. त्याच शहरात लेबर कॅम्पमध्ये दहा-दहा जण एका खोलीत राहून घरी पैसे पाठवणाऱ्या माणसाने ‘मला तिथे पाय ठेवायचा नाही’ म्हटलं तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. भावाचं दुःखही खोटं नाही. नववीतल्या मुलाचं सगळं एका महिन्यात गेलं. पण तो ज्याच्यावर रागावलाय तो मल्याळी मुलगा अजून मस्कतमध्येच आहे, तिथल्या ‘घाला’ नावाच्या भागात नोकरी करतो. मी त्याला भेटून आले. त्याने पहिला प्रश्न विचारला तो भावाबद्दल. त्याचा नंबर मी भावाला पाठवलाय. येत्या डिसेंबरात मी पुन्हा जातेय, भावालाही चल म्हटलंय. त्याने अजून हो म्हटलेलं नाही, पण पासपोर्टची मुदत कधी संपते ते परवा बघत होता.