बाई, आमच्या प्रभागाचा आकार दर वेळी का बदलतो?

प्रश्न : बाई, २०१२ साली आम्ही महापालिकेला दोन मतं दिली, २०१७ ला चार दिली आणि यंदा जानेवारीतही चार. मुंबईची माझी बहीण मात्र एकच मत देते. राज्य एक, मग असं कसं? आणि हे ठरवतं कोण?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ठरवतं राज्य सरकार, आणि सरकार बदललं की हेही बदलतं. तुमच्या पुण्याचाच हिशेब मांडते. २००२ ला तीन जणांचा प्रभाग होता. २००७ ला एकाचा झाला, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. २०१९ च्या डिसेंबरात महाविकास आघाडीनं पुन्हा एकाचा केला आणि २०२१ च्या सप्टेंबरात त्याच आघाडीनं तिघांचा केला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये शिंदे-फडणवीस सरकारनं तो निर्णय फिरवून २०१७ ची पद्धत आणली. २००२, २००७ आणि २०१२ ला तर सत्तेत काँग्रेस-राष्ट्रवादीच होती, म्हणजे स्वतःचाच नियम दोनदा मोडला. मुंबईत मात्र या सगळ्या काळात एका वॉर्डाला एकच नगरसेवक राहिला.

प्रत्येक वेळी कारण लोकांच्या सोयीचंच सांगितलं गेलं. प्रभाग मोठा झाला की विकासकामं मोठी होतात, असं म्हणायचं आणि लहान केला की नगरसेवक घरापाशी भेटतो, असं. दोन्हींत थोडं तथ्य आहे. पण खरंच लोकांसाठी असतं, तर निवडणूक तोंडावर आल्यावरच दर वेळी ते कसं सुचतं?

गोम कुठे आहे ते सांगते. चारच्या प्रभागात पुण्यात जवळपास ऐंशी हजार लोकसंख्या येते. अ, ब, क, ड अशा चार जागा, आणि प्रत्येक जागेसाठी सगळा प्रभाग मतदान करतो. लोकांना वाटतं, चार जागा आहेत म्हणजे चार पक्षांना वाव मिळेल. तसं होत नाही. प्रत्येक जागेवर ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येतो, त्यामुळे ज्या पक्षाची थोडी आघाडी आहे तो चारही जागा घेऊन जाऊ शकतो. गल्लीत वीस वर्षं काम केलेल्या माणसाला त्याच्या पाच-सहा हजार घरांत कोणी हरवू शकत नसेल, पण प्रभागाच्या दुसऱ्या टोकाला त्याला कोण ओळखणार? त्यातून अपक्षाला चिन्ह मिळतं ते अर्ज माघारी झाल्यावर. उरलेल्या थोड्या दिवसांत ते ऐंशी हजारांपर्यंत पोचवायचं. मोठ्या पक्षाचं चिन्ह मात्र लोकांच्या डोळ्यांत वर्षानुवर्षं बसलेलं असतं.

२०१७ ला मी एका शाळेत केंद्राध्यक्ष होते. सकाळी दहाच्या सुमारास एक आजी आल्या, नातीचा हात धरून. चिन्ह घरून पाठ करून आल्या होत्या. आत गेल्या, एक बटण दाबलं आणि समाधानानं बाहेर पडायला लागल्या. बझर काही वाजला नाही, कारण चारही मतं दिल्याशिवाय तो वाजतच नाही. मी म्हटलं, "आजी, अजून तीन राहिली." त्या म्हणाल्या, "मला ज्याला द्यायचं होतं त्याला दिलं की गं. बाकीचे कोण आहेत ते मला माहीत नाही." 'यांपैकी कोणीही नको' असं सांगणारं नोटाचं बटण आहे हे मी समजावून सांगितलं. पांढरा कागद, गुलाबी, पिवळा, निळा, अशा चार रंगांसमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग बझर वाजला. उरलेली तीन बटणं त्यांनी कशी दाबली, ते मला माहीत नाही आणि विचारायचा मला अधिकारही नव्हता. पण त्या तीन मतांना मत म्हणायला माझं मन आजही तयार नाही.

नंतरची पाच वर्षं तर आणखी अवघड. माझ्या घरासमोरचं चेंबर तुंबलं तेव्हा मी चारही नगरसेवकांना फोन केले. प्रत्येकानं दुसऱ्याचं नाव सांगितलं. चार जणांचं काम म्हणजे कोणाचंच नाही.

आणि आता ज्याचा मला सर्वांत जास्त राग आहे ते. प्रभागाच्या सीमा आखायचं काम राज्य निवडणूक आयोगाकडे होतं. २०२२ च्या मार्चमध्ये विधिमंडळानं कायदा करून ते सरकारनं स्वतःकडे घेतलं. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सुटेपर्यंत निवडणूक लांबवायची, हे त्यामागचं कारण होतं. ओबीसींना त्यांच्या जागा मिळायलाच हव्यात, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण त्यासाठी नकाशा काढायची पेन्सिल सत्ताधाऱ्यांच्या हातात कशाला द्यायची? सत्ताधारी आणि विरोधक, दोघांनी मिळून ते विधेयक मंजूर केलं. आज ना उद्या ती पेन्सिल आपल्याही हातात येणार, हे दोघांना ठाऊक होतं.

दरम्यान पुण्याची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि प्रशासक बसला. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगितलं, आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळपास चार वर्षं तुम्ही कर भरलात, पण महापालिकेत तुमचा एकही निवडलेला माणूस नव्हता.

प्रश्न : आमच्याकडे नगराध्यक्ष कधी थेट निवडतात, कधी नगरसेवकांतून. तेही असंच का?
– एक वाचक, जिल्हा सातारा

उत्तर : अगदी असंच. २००१ ला थेट, २००६ ला बंद, २०१६ ला पुन्हा थेट, २०२० ला बंद, २०२२ ला पुन्हा थेट. सरपंचाचंही २०१७ पासून हेच चाललं आहे. थेट निवड मला स्वतःला पटते, पण नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं झालं की साध्या गटाराच्या ठरावावरही सभा अडते. कोणतीही एक पद्धत ठेवा, पण निदान तीन निवडणुका तरी तिला हात लावू नका, एवढंच माझं मागणं आहे.

प्रश्न : पुढच्या वेळी प्रभाग चुकीचा तोडला तर आम्ही काय करू शकतो?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : प्रारूप प्रभाग रचना जाहीर झाली की हरकती आणि सूचना मागवतात. मुदत थोडी असते, तेव्हा जाहीर होईल त्याच दिवशी नकाशा मिळवा. सीमा नाला, रेल्वेमार्ग, मोठा रस्ता अशा नैसर्गिक खुणांवरून जाते का, एखादी वस्ती मधोमध चिरली आहे का, ते स्वतः चालत जाऊन पाहा. हरकत लेखी द्या, रस्त्याचं नाव आणि घरांची संख्या घालून. "आमच्यावर अन्याय झाला" एवढं लिहिलेला अर्ज टिकत नाही. पोच घ्या आणि सुनावणीला जाताना शेजारच्या दोघांना सोबत न्या.