मुलीच्या करिअरचं टेंडर काढू नका

प्रश्न : मी नेटवर्क उपकरणांच्या खरेदी विभागात काम करतो. मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीसीएनए (सिस्कोचं सुरुवातीच्या पातळीचं नेटवर्किंग प्रमाणपत्र) झालं आहे. डेटा सेंटर नेटवर्किंगमध्येच जायचं म्हणते. मी सिस्को, अरिस्टा, ज्युनिपर आणि एनव्हिडिया यांच्या स्विचिंग आर्किटेक्चरची (सर्व्हर एकमेकांना जोडणारे स्विच आणि त्यांची रचना) तुलना करणारा तक्ता सोबत जोडला आहे. ज्या कंपनीचं भवितव्य पक्कं, तिचं वरच्या पातळीचं प्रमाणपत्र तिने वर्षभर घरी राहून करावं, असं माझं मत. एका होस्टिंग कंपनीच्या नेटवर्क ऑपरेशन सेंटरमध्ये तिला नोकरी मिळते आहे, पण पाळ्यांचं काम असल्याने मी नको म्हटलं. महिनाअखेर कळवायचं आहे. ती रात्ररात्र लॅपटॉपवर आभासी स्विच जोडत बसते. परवा 'पिंग जातं पण फाइल जात नाही' एवढ्यावर दोन रात्री घालवल्या. कोणती कंपनी निवडावी?

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रात कंपन्यांबद्दल दोन पानं आहेत आणि मुलीबद्दल चार ओळी. त्या चार ओळींनीच मला थांबवलं, म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

ज्या दोन रात्री तुम्हाला वाया गेल्या वाटतात, त्यात काय झालं असावं ते सांगतो. ती बहुधा व्हीएक्सलॅन, म्हणजे एका नेटवर्कवर दुसरं आभासी नेटवर्क चालवायची पद्धत, वापरत होती. त्यात मूळ पॅकेट (डेटाचा तुकडा) दुसऱ्या पॅकेटच्या पोटात घालून पाठवतात आणि त्यापायी ५० बाइट वाढतात. खालच्या नेटवर्कचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी, बाइटमध्ये) नेहमीसारखा १५०० ठेवला, तर पिंगचं, म्हणजे पलीकडचं यंत्र उत्तर देतं का ते बघायचं, चिमुकलं पॅकेट आरामात जातं. फाइल मात्र पूर्ण भरलेल्या पॅकेटांतून जाते. ही पॅकेटं १५५० ची होतात, आणि व्हीएक्सलॅनच्या टोकाच्या स्विचने त्यांचे तुकडे करायचे नाहीत असा नियम असल्याने वाटेत गळतात. कनेक्शन जुळतं, लॉगिन होतं आणि मग सगळं थिजतं. कुठेही एरर दिसत नाही. खऱ्या डेटा सेंटरमध्ये हाच घोटाळा अनुभवी माणसांची रात्र खातो. तुमच्या मुलीने तो घरी बसून पकडला की नाही, हे पत्रात नाही. तुम्ही तिला विचारलंच नसावं. आज विचारा. ती काय सांगते ते शेवटपर्यंत ऐका, मध्ये कंपनीचं नाव काढू नका.

आता तुमचा तक्ता. तो चांगला आहे, हे मनापासून सांगतो. बफर, पोर्टचा वेग, परवान्याच्या अटी, सपोर्ट, सगळे रकाने विचार करून भरले आहेत. पण ही तुलना ज्याला पुढच्या पाच वर्षांसाठी स्विच विकत घ्यायचे आहेत त्याची आहे. ऑफिसात जे उत्तम येतं, तेच तुम्ही घरात वापरताय. पुरवठादार निवडायच्या पद्धतीने मुलीचं आयुष्य ठरवणं मला अजिबात पटत नाही, आणि वर्षभर घरी बसवणं तर त्याहून नाही.

एक समज मात्र नीट मोडायला हवा, कारण बरेच पालक त्यात अडकतात : 'चुकीची कंपनी निवडली की करिअर बुडालं.' मागे वळून बघा. २०१० च्या सुमारास स्विचमधली स्पॅनिंग ट्री ही जुनी पद्धत नकोशी झाली होती, कारण लूप (पॅकेट गोल फिरत राहणं) टाळायला ती चालू लिंक बंद करून ठेवते आणि विकत घेतलेली बँडविड्थ पडून राहते. प्रत्येकाने आपापला तोडगा काढला. सिस्कोने फॅब्रिकपाथ आणलं, ब्रोकेडने व्हीसीएस. ज्युनिपरने २०११ मध्ये क्यूफॅब्रिक जाहीर केलं, सगळं डेटा सेंटर म्हणजे जणू एकच मोठा स्विच. तेव्हा तुमच्यासारखा तक्ता कुणी केला असता, तर त्यात हीच नावं असती. पुढे क्यूफॅब्रिक बाजूला पडलं. ब्रोकेडला २०१७ मध्ये चिप बनवणाऱ्या ब्रॉडकॉमने घेतलं आणि तिचा डेटा सेंटर स्विचचा व्यवसाय एक्स्ट्रीम नेटवर्क्सकडे गेला. तुमच्या तक्त्यात 'स्थैर्य' या रकान्यात उभी असलेली ज्युनिपर २०२५ पासून एचपीई (ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइझ) या दुसऱ्या कंपनीची आहे. टिकलं काय? लीफ-स्पाइन रचना (सर्व्हरना जोडणारा प्रत्येक लीफ स्विच वरच्या प्रत्येक स्पाइन स्विचला जोडलेला), जिचं गणित चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडलं होतं. आणि तिच्यावर चालणारे बीजीपी (वाटा ठरवायचा प्रोटोकॉल), ईव्हीपीएन (कोणता पत्ता कुठे आहे ते स्विचना कळवायची पद्धत) आणि व्हीएक्सलॅन, जे कुणा एका कंपनीच्या मालकीचे नाहीत. चिपचंही तसंच. अरिस्टाचे बहुतेक स्विच आणि ज्युनिपरच्या क्यूएफएक्स मालिकेतले कितीतरी स्विच ब्रॉडकॉमच्या चिपवर चालतात. सिस्को स्वतःच्या चिप बनवते, पण नेक्सस ३००० मालिकेत तिनेही ब्रॉडकॉम वापरलं. ज्यांनी त्या काळात फक्त कमांड पाठ केल्या, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. स्पॅनिंग ट्री का काढावी लागली हे ज्यांना कळलं होतं, त्यांना नवीन स्विच समजायला वेळ लागला नाही.

तुलना करायचीच असेल, तर ती मुलीला करू द्या आणि तिचा प्रश्न वेगळा असू द्या : नेटवर्कची अक्कल प्रत्येकाने कुठे ठेवली आहे? सिस्कोच्या एसीआय या डेटा सेंटर व्यवस्थेत धोरण कंट्रोलरवर (सगळ्या स्विचना सूचना देणाऱ्या मध्यवर्ती यंत्रणेवर) लिहितात, तरी कंट्रोलर बंद पडला म्हणून चालू ट्रॅफिक थांबत नाही. का थांबत नाही, हे तिला सांगता आलं पाहिजे. अरिस्टाच्या नेहमीच्या मांडणीत प्रत्येक स्विच स्वतः बीजीपी बोलून वाटा ठरवतो. ज्युनिपरचं ॲपस्ट्रा हे सॉफ्टवेअर स्विचच्या बाहेर राहून इतर कंपन्यांचे स्विचही सांभाळतं. एनव्हिडियाच्या इन्फिनिबँड या वेगळ्या प्रकारच्या नेटवर्कमध्ये सबनेट मॅनेजर हा प्रोग्राम सगळ्या वाटा एका जागी मोजतो आणि स्विचना वाटून देतो. शिवाय तिथे समोर जागा असल्याशिवाय पॅकेट सोडतच नाहीत. इथरनेटवर, म्हणजे नेहमीच्या नेटवर्कवर, वाढलेल्या माणसाला हे सुरुवातीला विचित्र वाटतं, आणि एआयच्या क्लस्टरमुळे आज याच मुद्द्यावर सगळ्यात जोरदार वाद चालू आहे. तिला हा विषय आवडेल असं मला वाटतं.

प्रमाणपत्रांबद्दल एवढंच : सीसीएनए झालंय, पुढचं नोकरी करत करावं, आणि जिथे नोकरी तिथली उपकरणं ज्या कंपनीची, तिचं करावं.

प्रयोग मात्र चालू राहू देत. कंटेनरलॅब (लॅपटॉपवर आभासी नेटवर्क उभारणारं) आणि एफआरआर (बीजीपी चालवणारं सॉफ्टवेअर) दोन्ही मोफत आहेत. दोन स्पाइन, चार लीफ पुरेत. एक स्पाइन बंद करून किती पॅकेट हरवली ते तिने मोजावं. कागदावरचं गणितही सोडू नये : लीफला खाली २५ गिगाबिटचे ४८ पोर्ट, म्हणजे १२०० गिगाबिट. वर १०० गिगाबिटच्या सहा लिंक, म्हणजे ६००. दोनास एक, म्हणजे खालून येऊ शकेल त्याच्या निम्मंच वर जाऊ शकतं. वेब सर्व्हरसाठी हे चालून जाईल. एआयसाठीचे शेकडो जीपीयू (गणना करणाऱ्या चिप) एकाच वेळी एकमेकांशी बोलणार असतील तर चालणार नाही. हे का, ते तिने मुलाखतीत आपल्या शब्दांत सांगितलं, की समोरच्याला कळतं ही मुलगी काय आहे.

आणि ती नोकरी. माझं स्पष्ट मत : तिने ती घ्यावी. ऑपरेशन सेंटरमध्ये सहा महिन्यांत जेवढे बिघाड डोळ्यांसमोर येतात, तेवढे घरच्या लॅपटॉपवर वर्षभरात जमवता येत नाहीत. पाळ्यांची तुमची काळजी खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. पण त्यावर उपाय नकार नाही, चौकशी आहे. रात्रपाळीत सोबत अनुभवी माणूस असतो का, जाण्यायेण्याची सोय कंपनी करते का, किती महिन्यांनी बदल करायच्या कामात हात घालू देतात, की नुसते अलार्म बघून तिकीट (बिघाडाची नोंद) पुढे ढकलायचं असतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नुसतं तिकीट' असं आलं, तर मीही नको म्हणेन. हे सगळं तिने स्वतः, तिच्या आवाजात विचारावं. मुदत महिनाअखेरची आहे, तेव्हा फोन याच आठवड्यात व्हायला हवा.