कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच लावा

"जुन्या गाडीत एसी बसवून घेतोय. कंडेन्सर रेडिएटरपुढे लावला तर इंजिन तापेल असं फिटर म्हणतो. मग मागे लावू की गाडीखाली?" हे तुम्ही विचारलंय. तुमच्या फिटरचं वाक्य मी आमच्या दादाच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

पुढेच लावा. मागे तर अजिबात नको. कंडेन्सर म्हणजे एसीचा गरम गॅस हवेने थंड करून त्याचं द्रव करणारी जाळी. रेडिएटरमधलं पाणी 90 ते 100 अंशांवर असतं, त्यातून बाहेर पडणारी हवा सहज 70 अंशांपर्यंत जाते. गॅसचं द्रव व्हायचं तर तो त्या हवेपेक्षा गरम हवा. गाडीच्या एसीतला आर-134ए गॅस 80 अंशांना द्रव व्हायला साधारण 365 पीएसआय (दाबाचं एकक) दाब लागतो. एवढ्या दाबाशी झगडताना गॅस दाबणारा कॉम्प्रेसर किती दिवस टिकेल? उलट कंडेन्सर पुढे असला आणि त्यातून हवा 50 अंशांची होऊन आली, तरी रेडिएटरच्या पाण्यात आणि तिच्यात 40 अंशांचा फरक उरतो. रेडिएटरला तेवढा पुरतो. ताज्या हवेची खरी गरज कंडेन्सरला आहे, कारण त्याला केबिनमधली उष्णता तर टाकायची असतेच, वर कॉम्प्रेसरने घातलेलीही टाकायची असते.

आमच्या घरच्या गाडीला मुळात एसी नव्हता. बसवायचं ठरलं तेव्हा दादाने फिटरला बजावलं, "पुढे काही लावायचं नाही, इंजिन तापतं." त्यामुळे कंडेन्सर गेला खाली, मागच्या सीटच्या तळाशी, स्वतःचा छोटा फॅन देऊन. म्हणजे इंजिनची गरम हवा वाहते त्या वाटेवर, सायलेन्सरच्या पाइपापासून हातभर अंतरावर. मी तेव्हाच नको म्हणालो होतो, पण घरात लहान असल्यावर कोण ऐकतं. मोकळ्या रस्त्यावर गारवा बरा यायचा. सिग्नलला दोन मिनिटं थांबलं की केबिनमध्ये कोमट वारा. दादा म्हणायचा गॅस कमी आहे, फिटर भरून द्यायचा. असा दोनदा भरला. गॅस जास्त झाला की दाब आणखी चढतो, हे त्या फिटरला माहीत असायला हवं होतं.

शेवटी मी स्वतः गॅसचा दाब मोजायचं गेज लावून बॉनेटपाशी उभा राहिलो. गाडी उभी, इंजिन चालू. हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरच्या दाबाचा काटा 350 च्या पुढे गेला आणि प्रेशर स्विचने कॉम्प्रेसर बंद केला. थोड्या वेळाने पुन्हा चालू, पुन्हा बंद. पुढच्या आठवड्यात मी ब्रॅकेट करून घेतले, कंडेन्सर ग्रिलमागे रेडिएटरपुढे आणला, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा काढून गॅस मोजून भरला. तशाच उन्हात काटा 220 वर येऊन थांबला. दादा पाहायलासुद्धा आला नाही.

मग एका घाटात तापमानाचा काटा चढला आणि दादा म्हणाला, "बघ." तो शब्द मला अजून लागतो. चूक होती, पण जागेची नव्हती. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या कडेची फट मी उघडी सोडली होती. फॅन ओढतो ती हवा जाळीतून न जाता फटीतून जात होती, आणि गाडी हळू असली की मागची गरम हवा वळून पुढे येत होती. कडांना फोमची पट्टी लावली, फॅनला पूर्ण काऊल (हवा फक्त जाळीतूनच ओढली जावी म्हणून फॅनभोवतीचं आवरण) दिलं, तोच घाट पुन्हा चढलो. काटा हलला नाही.

दादाचा हट्ट आला कुठून, हे मला फार उशिरा कळलं. त्याची आधीची गाडी खरंच तापायची. ती विकायच्या आधी मी कंडेन्सर सैल करून मागे पाहिलं, तर रेडिएटरच्या तोंडावर माती, किडे आणि पिसांचा जाड थर बसला होता. बाहेरून दोन्ही जाळ्या स्वच्छ दिसत होत्या. मधल्या सापटीत कोणी कधी पाणीच मारलं नव्हतं. तुमचा फिटर "तापते" म्हणतो त्या गाड्यांमध्ये आधी ही सापट बघायला सांगा.

आता राहिलेलं. इंजिन मागे असलेल्या गाडीत हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. जुन्या पोर्शे 911 मध्ये एक कंडेन्सर मागच्या इंजिनाच्या झाकणाला असायचा. पुढे जागाच नसेल तर खाली लावावा लागेलही, पण मग सायलेन्सरपासून लांब, दगड लागणार नाही असा, आणि फॅन दमदार हवा. पुढे लावतानाही फॅन मुळात अशक्त असेल तर तो आधी बदला, नाहीतर तुमचा फिटर खरा ठरेल. गॅस येणारा पाइप वर आणि जाणारा खाली ठेवा, म्हणजे झालेला द्रव खाली उतरतो. कंडेन्सर केवढा घ्यायचा ते गाडी कोणती आहे हे कळल्याशिवाय सांगता येणार नाही. रेडिएटरचं तोंड झाकेल एवढा बसत असेल तर तेवढा घ्या.