गॅरेजवर केलेला विनोद आणि दहा लाखांची नोटीस

प्रश्न: मी जुळे सोलापुरात राहते, शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीआधी शहरातल्या एका गॅरेजमध्ये गाडीचं ऑइल, फिल्टर आणि पुढचे ब्रेक पॅड बदलून घेतले. ‘सगळा कंपनीचा माल आहे ताई’ म्हणत ८,४०० रुपये घेतले. बिल मागितलं तर ‘बिल केलं की टॅक्स लागतो’ असं उत्तर मिळालं. महिनाभरात ब्रेक किंचाळायला लागले. दुसऱ्या मेकॅनिकने पॅड उतरवून डुप्लिकेट असल्याचं दाखवलं. संतापाच्या भरात मी कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं: ‘पिवळ्या बोर्डाच्या गॅरेजमध्ये पॅड मागितले, पापड मिळाले. ब्रेक दाबला की कुरकुरतात. खोक्यावर नाव कंपनीचं, माल चुलतभावाच्या कारखान्यातला. तिथे गाडी लावाल तर चांगले पार्ट काढून दुसऱ्याला विकतील.’ मजकूर गावभर फिरला. आता गॅरेजवाल्याच्या वकिलाची नोटीस आली आहे: १५ दिवसांत लेखी माफी आणि १० लाख रुपये, नाहीतर भारतीय दंड संहिता कलम ५०० आणि आयटी कायदा कलम ६६अ खाली कारवाई. माझे दीर ग्रुपचे अ‍ॅडमिन आहेत, त्यांनाही अडकवू म्हणतात. माफी मागून मोकळी होऊ का?

उत्तर: ताई, नोटिशीचं नंतर बोलू. आधी सांगा, गाडी सध्या कोणत्या पॅडवर चालते आहे? तेच पॅड परत बसवले असतील तर गाडी जागेवर उभी करा. तुळजापूरला जाताना भरधाव गाडीचा ब्रेक ऐनवेळी लागला नाही तर कुठलाही कायदा उपयोगाचा नाही. नवे पॅड पक्क्या बिलावर बसवून घ्या. डिस्कला रेघा पडल्या असतील तर त्या खर्चाचंही बिल घ्या.

उतरवलेले पॅड मात्र कुणाच्याही हातात देऊ नका. ‘आणा, बघतो, बदलून देतो’ असा निरोप गॅरेजमधून येईल, तरीही नाही. तुमची अख्खी बाजू त्या दोन-चार तुकड्यांवर उभी आहे. पत्रासोबतच्या फोटोत मला तीन गोष्टी दिसल्या. घर्षणाचा थर कडेने भेगाळून पत्र्यापासून सुटला आहे. पार्ट नंबर पत्र्यावर ठोकलेला नाही, नुसता कागद चिकटवला आहे. खोक्यावर कंपनीचं नाव आहे, पण उत्पादनाचा महिना आणि वर्ष कुठेच नाही. वेष्टनबंद मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं वैधमापन (वजन-मापाच्या) नियमांनुसार बंधनकारक आहे. पॅड आणि खोकं दोन शेजाऱ्यांसमोर पिशवीत घालून सील करा, तारीख टाका, दोघांच्या सह्या घ्या, फोटो काढा. मग त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन पार्ट नंबरची खातरजमा लेखी मागा. ज्या मेकॅनिकने पॅड उतरवले त्याच्याकडूनही काय दिसलं ते सहीनिशी लिहून घ्या.

हे एवढ्यासाठी सांगतो की समोरचा वकील पहिला बचाव हाच घेणार: ‘लोकल माल टाकतोय असं सांगितलं होतं.’ दुसऱ्या उत्पादकाने स्वतःच्या नावाने विकलेला स्वस्त पार्ट हा काही गुन्हा नाही, आणि गरजेला तो टाकणारे कितीतरी प्रामाणिक मिस्त्री सोलापुरात आहेत. कंपनीचं नाव छापून भलताच माल खपवला की तो बनावट ठरतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बनावट मालाची व्याख्याच आहे: अस्सल असल्याचा खोटा दावा केलेला माल. त्यामुळे ‘कंपनीचे पॅड टाकले’ असं गॅरेजमधून एखादा मेसेज आलाय का, फोनमध्ये नीट शोधा. तो एक मेसेज दहा साक्षीदारांच्या तोडीचा आहे. बिल नाही म्हणून हातपाय गाळू नका. ८,४०० रुपये यूपीआयने दिले असतील तर बँकेची नोंद आहेच. शिवाय माल विकून किंवा सेवा देऊन बिल न देणं हीच या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे.

आता नोटीस. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. पण मुदतीत उत्तर द्या. गप्प बसलात तर उद्या ते तुमच्याविरुद्ध मांडलं जाईल. नोटिशीत दाखवलेली दोन्ही कलमं तुम्हाला लागू नाहीत. भारतीय दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली, आणि तुमचा मेसेज त्यानंतरचा आहे. बदनामीचं कलम आता ३५६. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं कलम ६६अ तर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच श्रेया सिंघल प्रकरणात घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. रद्द कलमाचा धाक घालून सामान्य माणसाकडून माफी उकळायची, याची मला मनापासून चीड येते. उत्तरात हे स्पष्ट लिहा.

याचा अर्थ नोटीस पोकळ आहे असा नाही. कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. गुन्हा जामीनपात्र आणि अदखलपात्र आहे. पोलीस परस्पर गुन्हा नोंदवून तुम्हाला उचलू शकत नाहीत. गॅरेजवाल्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खासगी फिर्याद करावी लागेल, आणि नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याप्रमाणे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) त्यांना दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागेल. १० लाखांचा दावा वेगळा, दिवाणी. तो करायचा तर त्याला कोर्ट फी भरून नुकसान सिद्ध करावं लागेल. दिरांना निश्चिंत राहायला सांगा. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन म्हणून कुणी दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे.

मग तुमच्या मजकुराचं काय? ‘मी तर गंमत केली’ हा बचाव कलमात नाही. ‘नाव कुठे घेतलं?’ हाही टिकणार नाही. पिवळा बोर्ड म्हटल्यावर कॉलनीतल्या सगळ्यांनी गॅरेज ओळखलं, तेवढं पुरतं. तुमच्या कामाला येतील ते कलमातले अपवाद: लोकहितासाठी सांगितलेली खरी गोष्ट, स्वतःच्या किंवा इतरांच्या हितासाठी सद्भावनेने केलेला आरोप, आणि लोकांच्या भल्यासाठी दिलेला इशारा. दिवाणी दाव्यात तर सत्य सिद्ध झालं की तेवढंच पुरेसं असतं.

या कसोटीवर पॅड-पापडची ओळ मला पूर्ण सुरक्षित वाटते. ती तुमच्याच गाडीची, तुमच्याच पैशांची हकिकत आहे. चुलतभावाचा कारखाना ही अतिशयोक्ती आहे. शब्दशः ती कुणी घेणार नाही, आणि माल बनावट निघाला तर तिचा गाभा खराच ठरतो. शेवटची ओळ मात्र मला खटकते. चांगले पार्ट काढून विकतात, हा सरळ चोरीचा आरोप झाला, आणि तुमच्या पत्रात त्याचा कुठेच पुरावा नाही. तुमच्या गाडीतून तसं काही गेलेलंही नाही. समोरचा वकील बाकी सगळं सोडून त्या एका वाक्यावर केस उभी करेल.

म्हणून सरसकट माफी नको. तेवढं एकच वाक्य मागे घ्या आणि त्याबद्दल दिलगिरी द्या. ज्या ग्रुपवर लिहिलं तिथेच टाका: ‘पार्ट काढून विकण्याबद्दलचं माझं वाक्य माझ्या माहितीवर आधारलेलं नव्हतं, ते मी मागे घेते. माझ्या गाडीत बसवलेल्या पॅडबद्दलची माझी तक्रार कायम आहे. ती मी योग्य ठिकाणी मांडत आहे. आपापल्या गाडीचे पार्ट आणि बिलं तपासून घ्यावीत.’ मूळ मेसेज पुसू नका, पुढे पाठवूही नका. ज्या फोनवरून पाठवला तो जपून ठेवा. चॅट पुराव्यात दाखल करायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (नव्या पुरावा कायद्याच्या) कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं.

आणि बचावावर थांबू नका. मूळ फिर्यादी तुम्ही आहात. नोटिशीच्या उत्तरातच ८,४०० रुपये, डिस्कचा खर्च आणि मनस्तापाची भरपाई मागा, १५ दिवसांची मुदत द्या. पैसे आले नाहीत तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. व्यवहार ५ लाखांच्या आतला असल्याने फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. माल प्रयोगशाळेत तपासायला पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे, तसा अर्ज तक्रारीसोबतच द्या. पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागू शकतात, तेवढी तयारी ठेवा. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. पुष्कळदा तिथेच तडजोड होते.

ज्या कंपनीचं नाव खोक्यावर आहे तिलाही फोटोंसह लिहा. खोटं व्यापारचिन्ह लावलेला माल विकणाऱ्याला व्यापारचिन्ह कायदा, १९९९ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. गॅरेजवाल्याने हा माल कुठून उचलला, याचा छडा कंपनी लावू शकते. कदाचित त्याचीही वरच फसवणूक झाली असेल. तसं असेल तर तो खरेदीचं बिल दाखवेल. उत्तरात त्या बिलाची मागणी करायला विसरू नका, आणि नोटिशीचं उत्तर स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती फाइलला लावा.